पुडीवरचा माणूस

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन पंधरवडा झाला होता आणि चंद्रभानला सगळंच गरजेपेक्षा जास्त दिसत होतं. दुकानांच्या पाट्या, लोकांच्या शर्टांवरच्या चुण्या, समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या साडीचे काठ. डोळ्यांच्या दवाखान्यातून परतताना तो मानकापूर चौकात रुपरावच्या पानठेल्याच्या सावलीत ऑटोची वाट पाहत उभा राहिला. रुपराव खर्रा घोटत होता. त्यानं तंबाखूची पुडी फाडली, सुपारीच्या चुऱ्यावर पालथी केली, चुना टाकून प्लॅस्टिकची पन्नी गुंडाळली आणि ती फळीवर तळहातानं रगडायला लागला. रिकामी पुडी त्यानं न बघताच खाली टाकली होती. ती चंद्रभानच्या चपलेजवळ उताणी पडली. जवळजवळ सगळी पुडी एका फोटोनंच व्यापली होती; ‘सोनपंख’ हे नाव आणि पिवळा पक्षी खालच्या पट्टीत अंग चोरून बसले होते. फोटोत नाकाच्या शेंड्यापासून गळ्यापर्यंतचा एक माणूस होता. डाव्या गालाला भोक, त्याच्या कडा काळपट, ओठ एका बाजूला ओढलेला, आणि हनुवटीवर एक आडवी पांढरी रेघ. डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून बजावलं होतं. चंद्रभान वाकला. पुडी उचलून त्यानं अंगठ्यानं तिच्यावरची धूळ पुसली. सुशील, असं त्याच्या मनात आलं. नाव आधी आलं, ओळख नंतर. ऑटो आला, थांबला आणि निघून गेला.

हनुवटीवरची ती रेघ त्याला पाठ होती. खापरखेड्याच्या वसाहतीत राहत असताना सुशील आणि त्याचे मित्र पॉवर हाउसची राख वाहून नेणाऱ्या पाइपावरून तोल सांभाळत चालायचे. एका दुपारी तो पडला आणि हनुवटी फुटली. चंद्रभान पॉवर हाउसमधून ड्यूटीच्या कपड्यांतच धावत आला होता, आणि टाके घालताना पोरगं रडलं नव्हतं, फक्त बापाच्या शर्टाची बाही मुठीत धरून बसलं होतं. ती बाही नंतर उसवली. तोच सुशील पुढे नागपूरजवळ वाडीच्या एका गोदामात सुपरवायझर झाला, त्याचं पायलशी लग्न झालं, आणि तिशी ओलांडून थोडे दिवस होतात न होतात तो तोंडाच्या कॅन्सरनं गेला. त्याला आता तीन वर्षं झाली होती. आजार दुसऱ्यांदा उलटला तेव्हा, पायलनं नंतर सांगितलं होतं, वॉर्डात एक शिकाऊ डॉक्टर मुलगी कॅमेरा घेऊन आली होती. अभ्यासासाठी फोटो काढू का, असं तिनं फार अदबीनं विचारलं. सुशीलला तेव्हा बोलता येत नव्हतं. त्यानं मान हलवली, मग हातानं थांब म्हणून खूण केली आणि पायलकडे कंगवा मागितला. केमोनंतर नुकतेच उगवलेले चार केस त्यानं नीट भांग पाडून बसवले, दवाखान्याच्या सदऱ्याची वरची नाडी बांधली आणि ताठ बसला, लग्नाच्या फोटोला बसला होता तसा. ते केस या पुडीवर नव्हते. नाडीही नव्हती. छापणाऱ्यांनी नेमकं तेवढंच कापलं, असं ऑटोत बसल्यावर चंद्रभानला वाटलं, आणि शेजारच्या बाईनं विचारलं, काकाजी, डोळ्यातून पाणी चाललं, औषध टाकलं का? हो, तो म्हणाला, औषधच आहे.

घरी त्यानं कोणाला सांगितलं नाही. कोणाला म्हणजे बायकोला, इंदुताईला. झिंगाबाई टाकळीच्या त्या दोन खोल्यांत आता दोघंच होते. दुपारी ती त्याच्या डोळ्यात थेंब टाकायला आली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, आणि पुडी शर्टाच्या खिशात तिच्या मनगटापासून चार बोटांवर होती. डोळा मिटल्यावर औषधाची जळजळ आत पसरत गेली आणि त्या लाल अंधारात तोच अर्धा चेहरा उभा राहिला. हिला दाखवलं तर ही आत्ता इथेच विरघळेल, असं त्याला वाटलं. सुशील गेल्यावर इंदुताई रडली नव्हती असं नाही, पण ती रडायची ते भांडी घासताना, नळ सोडून. तिला हे कसं दाखवायचं, की आपलं पोरगं चौकाचौकात पडलेलं आहे, लोक त्याच्यावर पाय देऊन चालले आहेत? आणि तरीही, हे त्याचं त्यालाच कळेना, छातीत कुठेतरी ऊब आल्यासारखं वाटत होतं. तीन वर्षांत सुशीलबद्दल नवीन असं काही घडलंच नव्हतं. मेलेल्या माणसाचं नवीन काही घडत नाही. हे नवीन होतं.

दुसऱ्या दिवशी तो दाढी करून, धुतलेला शर्ट घालून ठेल्यावर गेला आणि सोनपंखची एक पुडी मागितली. रुपरावनं घोटणं थांबवून त्याच्याकडे पाहिलं. “काकाजी, तुमी कवापासून?” चंद्रभान म्हणाला, “घरी मुंग्या झाल्या, म्हणतात तंबाखू टाकली की जातात.” मग तो रोजच जायला लागला. पुडी तो उघडत नसे. मागच्या खोलीत त्याची जुनी हत्यारांची पेटी होती, तिच्यात पाना-पकडांच्या खाली तो त्या ठेवत गेला, चेहरे वर करून. सकाळी भूक लागायला लागली. भाजीत मीठ कमी असलं तर ते कळायला लागलं. इंदुताई एकदा म्हणाली, “आजकाल फिराले जाऊन राहिले तर रंग आला तुमच्या तोंडावर.” त्याला शरम वाटली. ठेल्यापाशी उभं राहून तो लोकांचे हात पाहायचा. पुडीला वरच्या कडेला फाडण्यासाठी एक खाच होती, आणि तिथून ओढलं की चीर बरोबर जबड्यातून जायची. लोक गप्पा मारत, फोनवर बोलत, हसत ती ओढत, नजर दुसरीकडेच. आणि खर्रा घेणाऱ्यांना तर पुडी दिसतही नव्हती. त्यांना मिळायची ती कोरी पन्नी, रबर लावलेली, आत तपकिरी गोळा. पुडी रुपरावच्या पायाखाली राहायची. सुशील दहावीनंतर कधीतरी खर्रा खायला लागला तो असाच, कोऱ्या पन्नीतून. त्याच्यापर्यंत असलं एकही चित्र कधी पोचलं नव्हतं. सरकारनं एवढा मोठा फोटो छापला, एवढ्या ठळक अक्षरांत मरणाचं लिहिलं, आणि ते सगळं ठेल्याच्या फळीखालीच राहून गेलं. आता तो स्वतःच तिथे आहे, चंद्रभानला वाटायचं. जे त्यानं पाहिलं नाही तेच तो झाला. हा विचार आला की तो पुडी खिशात उलटी करून ठेवायचा, चेहरा छातीकडे.

आणि मग एका सकाळी ते घडलं. चंद्रभान आपली पुडी घेत असताना शेजारी एक तरुण होता, धम्मानंद, त्याच गल्लीत फ्रिज दुरुस्त करणारा. त्यानं सोनपंख घेतली, खाचेत नख घातलं, आणि चंद्रभानचा हात आपोआप पुढे गेला. त्यानं त्याचं मनगट धरलं.

“तिथून नको फाडू गा.”

“काहून?”

“खालून फाड. पट्टीकडून फाड.”

“काय झालं, काकाजी?”

“माझा पोरगा आहे तो.”

धम्मानंदनं पुडीकडे पाहिलं. रुपरावनं पाहिलं. रुपराव सुशीलला ओळखत होता, त्याच्या हातचा खर्रा सुशीलनं बरीच वर्षं खाल्ला होता. त्यानं फळीवरची एक पुडी उचलून डोळ्यांजवळ नेली. “सुशील? हा? मी रोज फाडतो ना काकाजी, कधी पायलंच नाही.” पुडी धरलेला हात कुठे ठेवावा हे त्याला कळेना, शेवटी त्यानं माळेतल्या सगळ्या पुड्या पाठमोऱ्या केल्या. धम्मानंद अवघडून उभा होता. त्यानं हातातली पुडी हळूच फळीवर परत ठेवली, आणि चंद्रभानला वाटलं, आता हा जाईल, आज तरी हा न खाता जाईल. धम्मानंद खालच्या आवाजात रुपरावला म्हणाला, “भाऊ, दुसरी फोटोवाली असंल तर दे.” रुपरावनं दुसरं पाकीट फोडलं. त्याच्यावर वेगळा माणूस होता.

ठेल्यावरची गोष्ट ठेल्यावर राहत नाही. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या बायका इंदुताईला विचारतील हे त्याला कळत होतं, आणि तिला सांगण्याआधी एकदा खात्री करून घ्यायला हवी होती. खात्री करू शकेल असं एकच माणूस होतं. शेवटच्या महिन्यांत सुशीलची जखम फक्त पायल धुवायची. रोज पडदा ओढून, गरम पाणी, कापसाचे बोळे, आणि सुशील दुसऱ्या कोणालाच आत येऊ द्यायचा नाही. चंद्रभान दाराबाहेर बसायचा आणि पाण्याचा आवाज ऐकायचा. मागल्या वर्षी पायलचं दुसरं लग्न झालं होतं, कळमेश्वरला, एमआयडीसीत कामाला असलेल्या दुर्गेशशी. चंद्रभाननं आणि इंदुताईनं स्वतः पुढे होऊन ते करून दिलं होतं, आणि नंतर तिच्याकडे जायचं नाही असंही दोघांनी न बोलता ठरवलं होतं. तो कळमेश्वरच्या बसमध्ये खिडकीशी बसला. कोवळं ऊन होतं, संत्र्याच्या बागा मागे सरकत होत्या, नव्या डोळ्यात पानन्‌पान दिसत होतं. पायल हो म्हणाली तर काय करायचं, हे त्यानं ठरवलं नव्हतं. ती नाही म्हणेल हे त्याच्या मनातच नव्हतं.

पायलनं दार उघडलं तेव्हा तिच्या कडेवर बाळ होतं. बाळ झाल्याचं त्यांना कोणी कळवलं नव्हतं. क्षणभर तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला, मग तिनं पदर सारखा केला. “मामाजी, तुमी? एवढ्या दूर एकटेच काहून आले? आत्याबाई बऱ्या आहेत ना?” तिनं पाणी आणलं, चहा ठेवला, बाळाला चटईवर बसवलं. दुर्गेश ड्यूटीवर होता. दोरीवर त्याचे शर्ट वाळत होते आणि प्रत्येकाचा खिसा बाहेर उलटा काढलेला होता. चंद्रभान तिकडे पाहतो आहे हे पाहून ती म्हणाली, “यायनं लग्नाआधीच खर्रा सोडतो म्हणून सांगितलं. खात नाहीत. पण मी पायतोच रोज, सवयच झाली.” चंद्रभाननं खिशातून पुडी काढून चटईवर ठेवली. काही बोलायच्या आत बाळानं चमकदार कागदाकडे हात टाकला, आणि पायलनं ती अशी हिसकावली की बाळ घाबरून रडायला लागलं. त्याला खांद्यावर थोपटत, उभ्यानंच, तिनं पुडी पाहिली.

“हा सुशील आहे ना वं?” चंद्रभान म्हणाला. “तो फोटो काढला होता ना दवाखान्यात. ही रेघ पाय. पाइपावरून पडला होता.”

पायलनं पुडी उजेडाकडे धरली. बाळ हळूहळू शांत झालं.

“नाही, मामाजी.”

“नीट पाय.”

“हे नाहीत ते. रेघ तर ऑपरेशनची असते, वार्डात सगळ्यायलेच होती तशी.” तिनं पुडी त्याच्यासमोर धरली आणि करंगळीनं ओठाखाली दाखवलं. “याले दात आहेत. पाहा, खालचे चार दिसून राहिले. त्यायचे कुठं होते दात? रेडिएशनचा शेक द्यायच्या आधी काढले होते ना सगळे. तुमीच तर उभे होते बाहेर.”

दात होते. चार, किडके, पिवळे, स्पष्ट. त्यानं ही पुडी किती वेळा हातात घेतली होती, अंगठ्यानं पुसली होती, तिच्याशी मनातल्या मनात बोलला होता, आणि ते दात तिथेच होते. हो, काढले होते. पांढऱ्या टाइल्सची खोली, आतून ट्रेमध्ये काहीतरी टाकल्याचा बारीक आवाज, पुन्हा तोच आवाज, आणि तो भिंतीला पाठ लावून उभा. नंतर सुशील गालफडं आत गेलेला, एकदम म्हातारा होऊन बाहेर आला होता. बापापेक्षा म्हातारा. हे आपण विसरलो. ते चंद्रभानच्या आत हळूहळू खाली गेलं, विहिरीत टाकलेला दगड तळाला लागेपर्यंत वेळ लागतो तसं. पोरगा गेला ते एक होतं. पण त्याचं तोंड आपल्याजवळून कधी गेलं, हे कळलंसुद्धा नव्हतं. त्यानं आत्ता, चटईवर बसून, सुशीलचा खरा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. दात नसलेला, गाल बसलेला. येत होता तो पुडीवरचाच माणूस.

“मले आठवून नाही राहिला तो,” तो म्हणाला. “हाच येते डोळ्यापुढं.”

पायलनं बाळाला खाली ठेवलं. दाराकडे एकदा पाहिलं. मग कपाटातल्या साड्यांच्या खालून एक जुना, काच तडकलेला फोन काढला, तो चार्जरला लावला, आणि तो सुरू होईपर्यंत दोघंही त्याच्याकडे पाहत बसले. “यायले माहीत नाही,” ती म्हणाली. “एकच आहे.” फोटोत सुशील फुटाळा तलावाच्या कठड्याला टेकून उभा होता. एप्रिलचं ऊन. नाकावरून खाली सगळा चेहरा पांढऱ्या दुपट्ट्यात बांधलेला. आजारी पडल्यापासून तो घराबाहेर जायचा तो फक्त उन्हाळ्यात. उन्हात सगळं नागपूरच तोंड बांधून फिरतं, त्यात तो एक. त्याच्याकडे कोणी वळून पाहत नव्हतं. डोळे तेवढे उघडे होते, उन्हानं बारीक झालेले, आणि कडांना सुरकुत्या. हसत होता. दुपट्ट्याखाली जे काही उरलं होतं त्यानं तो हसत होता. “त्या दिवशी म्हणाले, म्हणजे लिहून दाखवलं,” पायल म्हणाली, “आज मी सगळ्यायसारखाच दिसतो.” तिनं बोट फिरवून फोटो मोठा केला, डोळ्यांपर्यंत. चंद्रभाननं पाहिलं. दुपट्ट्याच्या घड्या दिसत होत्या, विणीचे धागे दिसत होते. त्याच्या पलीकडे काही दिसत नव्हतं.

निघताना पायल पाया पडली. तिला काय आशीर्वाद द्यावा हे त्याला सुचेना. बाळाच्या डोक्यावर हात ठेवून तो म्हणाला, “नाव काय ठेवलं?” “आर्यन.” “चांगलं आहे.” रस्त्याच्या वळणापर्यंत ती दारात उभी होती. बसमध्ये त्यानं पुडी पुन्हा काढली. आता तो एक परका माणूस होता. दात किडलेला, वय कळत नाही असा, कुठला कोण जाणे. कदाचित या देशातलाही नसेल. त्याला कोणीतरी फोटो काढू का म्हणून विचारलं असेल, त्यानंही मान हलवली असेल. चंद्रभानला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. गेले कितीतरी दिवस हा माणूस त्याच्या खिशात होता, सुशीलच्या नावानं हाक मारली तर ओ दिल्यासारखा. आता त्याला कोणत्या नावानं ठेवायचं? बस खड्ड्यातून गेली की समोरच्या सीटचा लोखंडी दांडा थरथरायचा. चंद्रभाननं त्याच्यावर कपाळ टेकवलं आणि नागपूर येईपर्यंत तसाच बसला. शेजारच्या माणसाला वाटलं, म्हाताऱ्याला झोप लागली.

दिवेलागणीला तो घरी पोचला. इंदुताई दारातच बसून मेथी निवडत होती. त्यानं चपला काढल्या, पुडी तिच्यासमोर ताटाच्या कडेला ठेवली आणि सगळं सांगितलं. ठेला, धम्मानंदचा हात, कळमेश्वर, पायलचं बाळ, दात. इंदुताईचे हात चालूच होते, काडी वेगळी, पान वेगळं.

“मले माहीत होतं,” ती शेवटी म्हणाली.

“काय?”

“तुमी पुडी घेऊन आले त्या पहिल्याच दिवशी पायली मी, खिशात. मंग पेटीतल्याही पायल्या.”

“अन् तुले काय वाटलं?”

“तो आपला नाही हे एका नजरेत समजलं. त्याचा खालचा ओठ माझ्यासारखा होता. त्याले दूध पाजताना रोज पायलेला ओठ आहे तो. या माणसाचा नाही तसा.”

“मंग बोलली काहून नाहीस वं?”

इंदुताईनं एक काडी मोडली. “तुमी दाढी करून, कपडे बदलून त्याले भेटाले जावं तसे जात होते. दोन पोळ्या जास्त खात होते. मी कोणत्या तोंडानं सांगू? म्हटलं, जितके दिवस जाते तितके जाऊ द्या.” ती थांबली. “मीही एक-दोन डाव पेटी उघडून बसली. म्हटलं, असंल तर असू दे. पण नाही बसला माझ्या मनात.”

गल्लीत कोणाची तरी गाडी सुरू होत नव्हती. किक मारल्याचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. चंद्रभान तिच्याजवळ खाली बसला. त्याचे गुडघे वाजले. त्यानंही मेथीची एक जुडी ओढली, पण निवडायची कशी हे त्याला येत नव्हतं, तो नुसता धरून बसला.

“शेवटी शेवटी तो दिसत कसा होता?” इंदुताईनं विचारलं. तिचा आवाज साधा होता, बाजारातून काय आणलं असं विचारावं तसा. “मले तर त्यानं पाहूच दिलं नाही. मी खोलीत आली की दुपट्टा ओढून घ्यायचा. पेज घेऊन जायची तर भिंतीकडं तोंड करायचा. म्हणायची, मी माय आहे ना रे तुही. तर हातानंच जा म्हणायचा. तुमी तर पायला असंल.”

“दात काढले तेवढं पायलं होतं,” तो म्हणाला. “तेही विसरलो. त्याच्यानंतर मलेही नाही येऊ दिलं.”

म्हणजे या घरात आता तो चेहरा कोणाजवळच नव्हता. दोघांनाही ते एकदमच कळलं असावं, कारण इंदुताईचे हात थांबले. गाडी सुरू झाली आणि दूर गेली. तिनं पुडी उचलली, तिच्यावर चिकटलेलं मेथीचं पान काढलं आणि ती हलक्या हातानं बाजूला ठेवली, दुसऱ्याच्या घरचं भांडं परत द्यायला ठेवावं तशी.

“पायलले विचारलं का तुमी? कसा दिसत होता म्हणून?”

“नाही.”

“बरं केलं,” इंदुताई म्हणाली. “लेकरू झालं तिले आता. तिले तरी विसरू द्या.”

साड्यांखालच्या फोनबद्दल चंद्रभान काही बोलला नाही. तिच्याकडे पाहून पाहून तो एकेक पान खुडू लागला.